दरबारातून सभागृहाकडे : पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर

पाठपरिचय

संध्याकाळची वेळ आहे. रायपूरच्या महंत घासीदास स्मारक संग्रहालयाच्या आवारातील खुल्या रंगमंचासमोर माणसे येऊन बसत आहेत. त्यांत कार्यालयातून परस्पर आलेला कारकून आहे, भाजीचे दुकान लवकर आवरून आलेली गृहिणी आहे, महाविद्यालयातील मुले-मुली आहेत. तंबोरे जुळवले जातात, दिवे मंद होतात आणि ठरलेल्या वेळी गाणे सुरू होते. कोण कोणत्या जातीचा, कोण श्रीमंत, कोण गरीब, याची चौकशी तेथे कोणी करीत नाही. ज्याला ऐकावेसे वाटते, त्याने यावे आणि ऐकावे.

आपल्याला हे दृश्य अगदी नेहमीचे वाटते. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या देशात असे दृश्य दुर्मीळ होते. उत्तम शास्त्रीय संगीत राजवाड्यांत आणि धनिकांच्या दिवाणखान्यांत कोंडलेले होते. सामान्य माणसाला ते ऐकण्याची सोय नव्हती आणि गाणाऱ्यालाही समाजात मान नव्हता. ही स्थिती पालटावी म्हणून ज्यांनी आपले सारे आयुष्य वेचले, त्यांत पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे नाव अग्रभागी आहे. प्रस्तुत पाठात त्यांच्या जीवनाचा आणि कार्याचा परिचय करून दिला आहे.

बालपण आणि एक अपघात

विष्णु दिगंबरांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. हे गाव आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे. त्या काळी ते पटवर्धन घराण्याच्या एका लहानशा संस्थानाचे ठिकाण होते. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. परंतु पूर्वज पलूस या गावचे म्हणून पलुस्कर हे नाव रूढ झाले. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार होते. कीर्तनात अभंग, ओव्या आणि पदे यांचा मेळ असतो. त्यामुळे सूर आणि ताल यांचे संस्कार लहानग्या विष्णूच्या कानांवर घरातच होत गेले. मुलाने शाळेत शिकावे आणि मोठे व्हावे, एवढीच त्या घराची अपेक्षा होती.

कुरुंदवाडपासून जवळच, कृष्णा आणि पंचगंगा या नद्यांच्या संगमावर नृसिंहवाडी हे दत्तक्षेत्र आहे. दत्तजयंतीच्या उत्सवात तेथे मोठी गर्दी होते. अशाच एका उत्सवात शोभेची दारू उडवली जात असताना एक फटाका विष्णूच्या तोंडासमोर फुटला. चेहरा भाजला आणि डोळ्यांना इजा झाली. गावात योग्य उपचारांची सोय नव्हती. मुलाची दृष्टी कायमची अधू झाली आणि पुस्तके वाचणे, पाटीवर लिहिणे अवघड होऊन बसले. शालेय शिक्षण अर्ध्यावर सुटले.

ज्यांचे शिक्षण परिस्थितीमुळे मध्येच थांबले, त्यांना त्या मुलाच्या मनाची अवस्था सांगावी लागणार नाही. बरोबरीची मुले पुढच्या इयत्तेत जात होती आणि आपण मात्र घरी बसून आहोत, हे शल्य लहान वयातही बोचते. पुढे काय करायचे, हा प्रश्न मुलाला पडला होता आणि त्याच्या वडिलांनाही.

मिरजेतील साधना

उपचारांसाठी विष्णूला जवळच्या मिरजेला नेण्यात आले. तेथील डॉक्टर भडभडे यांनी त्याच्यावर उपचार केले. दृष्टी पूर्ववत होणे शक्य नव्हते. मात्र या मुलाचा आवाज चांगला आहे आणि त्याला सुरांची जाण आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. डोळ्यांनी शिकता येत नसेल तर कानांनी शिकावे, असा मार्ग त्यांनी सुचवला. मिरजेच्या अधिपतींनी मुलाला आश्रय दिला आणि त्याची गायनाची तालीम सुरू झाली.

त्याला गुरू लाभले ते पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. ग्वाल्हेर घराण्याची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजवण्याचे श्रेय बाळकृष्णबुवांना दिले जाते. ही विद्या मिळवण्यासाठी तरुणपणी त्यांनी घर सोडून दूरदूरचा प्रवास केला होता आणि अनेक वर्षे गुरुसेवा केली होती. त्यांचे गुरू वासुदेवबुवा जोशी हे ग्वाल्हेरचे थोर गायक हस्सूखाँ यांचे शिष्य. उस्तादांकडून बुवांकडे आणि बुवांकडून शिष्यांकडे अशी ही विद्या एका कंठातून दुसऱ्या कंठात उतरत आली होती.

त्या काळची तालीम कठोर असे. पहाटे उठून खर्जाचा रियाज करायचा, दिवसभर गुरूंच्या घरची कामे करायची, आणि गुरू गातील तेव्हा कान देऊन ऐकायचे. लिहिलेले पुस्तक नव्हते, ठरलेला अभ्यासक्रम नव्हता. गुरूंच्या मनात येईल तेव्हा आणि तेवढेच शिष्याला मिळत असे. एक चीज पूर्ण हाती येण्यास कित्येक महिने लागत. विष्णु दिगंबरांनी हे सारे निष्ठेने केले. सुमारे बारा वर्षांच्या परिश्रमानंतर ते एक तयार गायक म्हणून ओळखले जाऊ लागले.

एक प्रसंग आणि एक निश्चय

मिरजेत विष्णु दिगंबरांचे सारे सुखाचे चालले होते. संस्थानाचा आश्रय होता, राहण्या-जेवण्याची चिंता नव्हती, लोकांत नाव होऊ लागले होते. असे असताना १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. याचे कारण म्हणून त्यांच्या चरित्रांत एक प्रसंग सांगितला जातो.

मिरजेत एक मोठा समारंभ होता. राजाश्रय असलेल्या विष्णु दिगंबरांना त्याचे आमंत्रण आले. आपल्या गुरूंनाही आमंत्रण असेल, असे त्यांनी गृहीत धरले होते. पण तसे नव्हते. त्यांनी चौकशी केली, तेव्हा बाळकृष्णबुवा हे केवळ एक गवई आहेत, त्यांना अशा प्रतिष्ठितांच्या पंक्तीत बोलावण्याचे कारण नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले.

हे उत्तर त्यांच्या जिव्हारी लागले. ज्या विद्येसाठी गुरूंनी घरदार सोडले, ज्या विद्येने दरबाराची शोभा वाढवली, ती विद्या धारण करणाऱ्या माणसाला पंक्तीत पान मिळू नये, याचा अर्थ काय? दोष एका समारंभाचा नव्हता. गाणे ऐकावे, पण गाणाऱ्याला आपल्यात बसवू नये, अशी साऱ्या समाजाचीच रीत झाली होती. काही गवयांचे व्यसनी आणि बेशिस्त जीवनही या अनादराला हातभार लावत होते. ही रीत मोडायची असेल तर राजाश्रयाच्या सावलीत बसून चालणार नाही, हे विष्णु दिगंबरांनी ओळखले. हाताशी असलेली सुरक्षितता सोडून ते बाहेर पडले. तेव्हा त्यांचे वय सुमारे चोवीस वर्षांचे होते.

तिकीट काढून गाणे

मिरजेहून निघाल्यावर त्यांनी सातारा, बडोदा, सौराष्ट्र असा प्रवास केला. ठिकठिकाणी त्यांचे गाणे होई आणि संस्थानिक त्यांना आश्रय देऊ करीत. परंतु एका दरबारातून दुसऱ्या दरबारात जाणे हा त्यांचा हेतू नव्हता. त्यांना लोकांपर्यंत पोहोचायचे होते. १८९७ मध्ये राजकोट येथे त्यांनी एक वेगळाच प्रयोग केला. तिकीट लावून गाण्याचा जाहीर कार्यक्रम केला.

आज आपल्याला यात नवल वाटणार नाही. पण त्या काळात या गोष्टीचा अर्थ फार मोठा होता. दरबारी मैफलीत गाणे केव्हा सुरू व्हावे आणि केव्हा थांबावे, हे यजमान ठरवीत असे. त्याची मर्जी असेल तर गवयाला बिदागी मिळे, शेला-पागोटे मिळे. मर्जी नसेल तर काहीच नाही. श्रोते मध्येच बोलत, उठत, पान-सुपारी चघळत. जाहीर कार्यक्रमात हे नाते बदलले. श्रोत्याने ठरलेले मूल्य द्यायचे आणि ठरलेल्या वेळी येऊन बसायचे. गायकाने ठरलेल्या वेळी गायचे. गायक आता कोणाच्या मर्जीवर जगणारा आश्रित राहिला नाही. तो आपल्या विद्येचे मोल मिळवणारा स्वतंत्र कलावंत झाला. आणि श्रोताही कोणाचा निमंत्रित असण्याची गरज उरली नाही. थोडे पैसे खर्च करू शकणाऱ्या कोणालाही गाणे ऐकण्याचा हक्क मिळाला.

या कार्यक्रमांतून विष्णु दिगंबरांनी श्रोत्यांनाही घडवले. रात्रभर चालणाऱ्या मैफलीऐवजी ते आटोपशीर कार्यक्रम करीत. ख्यालाबरोबर तुलसीदास, सूरदास, मीराबाई यांची भजने गात. ज्याला रागाचे नावही ठाऊक नाही, त्याने भजनाच्या निमित्ताने यावे आणि जाताना रागाची गोडी घेऊन जावे, अशी त्यांची दृष्टी होती.

जगातील इतर देशांतही संगीताचा प्रवास काहीसा असाच झालेला दिसतो. इंग्लंडमध्ये जॉन बॅनिस्टर नावाचे व्हायोलिनवादक राजाच्या वाद्यवृंदात होते. ते पद गेल्यावर १६७२ मध्ये त्यांनी लंडनमधील आपल्या घरी एक शिलिंग प्रवेशमूल्य ठेवून जाहीर कार्यक्रम सुरू केले. विष्णु दिगंबरांच्या जन्माच्या बरोबर दोनशे वर्षे आधीची ही गोष्ट आहे. अमेरिकेतील जॅझ संगीताचा इतिहासही बोलका आहे. न्यू ऑर्लिन्स परिसरातील कृष्णवर्णीय कलावंतांनी हे संगीत घडवले. मिरवणुका, नाचघरे आणि मद्यालये येथे ते वाजत असे आणि प्रतिष्ठित लोक त्याला हलके समजत. १६ जानेवारी १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉल या नामांकित सभागृहात बेनी गुडमन यांनी जॅझचा कार्यक्रम केला. त्यात कृष्णवर्णीय आणि गौरवर्णीय वादक एकाच रंगमंचावर बसले. आपल्या मुंबईतही १९३० नंतरच्या काळात जॅझ वाजत होते, ते बहुधा ताजमहाल हॉटेलसारख्या धनिकांच्या ठिकाणी. ते वाजवणाऱ्यांत अनेक गोमंतकीय कलावंत होते. १९७८ मध्ये जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू झाला आणि मुंबईच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहात शेकडो श्रोते देशोदेशीचे कलावंत ऐकू लागले. संगीत कोणतेही असो, ते सर्वांना ऐकता येईल अशा जागी येते, तेव्हा ते वाजवणाऱ्याचाही मान वाढतो.

लाहोरचे गांधर्व महाविद्यालय

सौराष्ट्रातून विष्णु दिगंबर उत्तरेकडे गेले. ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, जालंदर, अमृतसर असा प्रवास करीत ते लाहोरला पोहोचले. मथुरेत त्यांनी ब्रज भाषेचा अभ्यास केला, कारण ख्याल आणि धृपद यांच्या अनेक बंदिशी त्या भाषेत आहेत. अर्थ न समजता शब्द गाणे त्यांना मान्य नव्हते.

५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. त्यापूर्वी बडोद्यात १८८६ मध्ये सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने उस्ताद मौलाबक्ष यांनी गायनशाळा सुरू केली होती. परंतु ती संस्थानाच्या खजिन्यावर चाले. लाहोरचे विद्यालय मात्र कोणा राजाचे नव्हते. लोकांच्या देणग्या, विद्यार्थ्यांचे शुल्क आणि विष्णु दिगंबरांच्या कार्यक्रमांचे उत्पन्न यांवर ते उभे राहिले.

आरंभीचे दिवस कसोटीचे होते. विद्यालय उघडले, वेळापत्रक लागले, पण विद्यार्थीच येईनात. चांगल्या घरातील मुलाने गाणे शिकावे, ही कल्पनाच लोकांना रुचत नव्हती. असे सांगतात, की विष्णु दिगंबर ठरलेल्या वेळी रिकाम्या वर्गात जाऊन बसत, तंबोरा जुळवीत आणि वर्गाची वेळ संपेपर्यंत स्वतःच गात राहत. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, परक्या शहरात, शिष्याविना वर्गात बसून गाणाऱ्या त्या माणसाच्या मनात काय चालले असेल? पण वर्ग भरण्याची वेळ त्यांनी एक दिवसही चुकवली नाही. हळूहळू शहरातील जाणत्या मंडळींचे लक्ष तिकडे गेले. प्रतिष्ठित घरांतील मुले येऊ लागली. पुढे स्त्रियांसाठीही शिक्षणाची सोय झाली. कुलीन स्त्रीने गाणे शिकणे हे ज्या काळी लाजिरवाणे मानले जाई, त्या काळातील हे पाऊल होते.

शिकवण्याची नवी रीत

विद्यालय चालवायचे तर गुरुगृहातील जुनी रीत पुरेशी नव्हती. एकाच वेळी अनेकांना शिकवायचे होते आणि प्रत्येकाला वर्षाअखेर कोठवर पोहोचायचे हे ठाऊक हवे होते. म्हणून विष्णु दिगंबरांनी पायरीपायरीचा अभ्यासक्रम आखला, परीक्षा घेतल्या, पदव्या दिल्या. चीज कागदावर उतरवता यावी यासाठी त्यांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती तयार केली. कोणता स्वर, कोणत्या सप्तकातला, किती मात्रांचा, हे खुणांनी दाखवण्याची ही रीत होय. याच काळात पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनीही वेगळी स्वरलेखनपद्धती विकसित केली. उत्तर भारतीय संगीताच्या शिक्षणात या दोन्ही पद्धती प्रसिद्ध आहेत.

विष्णु दिगंबरांनी संगीतावर पन्नासच्या आसपास पुस्तके तयार करून प्रसिद्ध केली. त्यासाठी स्वतःचा छापखाना काढला. वाद्ये दुरुस्त करण्याची आणि बनवण्याची व्यवस्था केली. ज्याला दृष्टी अधू झाल्यामुळे शाळा सोडावी लागली होती, त्याच माणसाने हजारोंच्या हाती संगीताची पुस्तके दिली, ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे.

विद्यालयात उपदेशक वर्ग नावाचा एक खास वर्ग होता. गरीब पण होतकरू मुलांना त्यात घेतले जाई. त्यांच्याकडून शुल्क घेतले जात नसे. उलट राहण्या-जेवण्याचा भार विद्यालय उचलीत असे. त्या बदल्यात मुलाने नऊ वर्षे विद्यालयात राहून शिकायचे, असा करार असे. येथे शिस्त कडक होती. निर्व्यसनी वागणूक, स्वच्छ पोशाख आणि वेळेचे पालन यांवर विष्णु दिगंबरांचा विशेष कटाक्ष होता. गवयाकडे बोट दाखवण्यास जागा राहू नये, अशी त्यांची धडपड होती.

मुंबई, वैभव आणि ऋण

१९०८ मध्ये विष्णु दिगंबरांनी मुंबईत विद्यालयाची शाखा काढली आणि पुढे मुंबई हेच त्यांच्या कार्याचे केंद्र झाले. विद्यार्थ्यांची संख्या वाढली. सँडहर्स्ट रोडवर विद्यालयाची स्वतःची भव्य इमारत उभी राहिली. त्यात वर्ग होते, वसतिगृह होते आणि कार्यक्रमांसाठी सभागृह होते. संगीतासाठी, केवळ लोकांच्या बळावर, अशी वास्तू उभी राहणे ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती.

याच काळात स्वातंत्र्याची चळवळ जोर धरत होती. विष्णु दिगंबर काँग्रेसच्या अधिवेशनांत वंदे मातरम् गात असत. रघुपती राघव राजाराम या रामधूनीची घराघरांत पोहोचलेली चाल त्यांच्याच नावाने ओळखली जाते. महात्मा गांधींना साबरमतीच्या आश्रमासाठी संगीतशिक्षक हवा होता, तेव्हा विष्णु दिगंबरांनी आपले शिष्य नारायण मोरेश्वर खरे यांना पाठवले. खरे यांनी आश्रमाच्या प्रार्थनेला सूर दिला आणि १९३० च्या दांडीयात्रेत ते गांधीजींबरोबर चालले. दरबारात कोंडलेले गाणे आता रस्त्याने चालणाऱ्या हजारो माणसांच्या कंठात आले होते.

परंतु या वैभवाखाली कर्जाचा भार वाढत होता. इमारतीसाठी मोठे कर्ज काढले होते. विनाशुल्क शिकणाऱ्या मुलांचा खर्च, शिक्षकांचे वेतन, छापखाना, हे सारे विष्णु दिगंबरांच्या कार्यक्रमांवर अवलंबून होते. ते गावोगाव गात फिरत आणि मिळालेली रक्कम विद्यालयाला देत. स्वतःच्या संसारासाठी त्यांनी काही साठवले नाही. तरीही व्याज वाढतच गेले. दरम्यान त्यांचे मन रामभक्तीकडे अधिकाधिक ओढले जाऊ लागले होते आणि व्यवहाराकडे दुर्लक्ष होत होते. अखेर १९२४ च्या सुमारास विद्यालयाची इमारत कर्जापायी लिलावात गेली.

ज्या वास्तूत शेकडो तंबोरे जुळले, ती डोळ्यांदेखत परक्याची झाली. एखादा माणूस या आघाताने खचला असता. विष्णु दिगंबर नाशिकला गेले. तेथे रामनाम आधार आश्रमात ते राहू लागले. अंगावर भगवी वस्त्रे आली, तुलसीदासांच्या रामायणाचे गायन आणि प्रवचन हा नित्यक्रम झाला. काही शिष्य त्यांच्याबरोबर तेथेही राहिले आणि शिकत राहिले. इमारत गेली, पण शिकवणे थांबले नाही.

घरातही दुःखे कमी नव्हती. त्यांची अनेक अपत्ये लहानपणीच दगावली. १९२१ मध्ये जन्मलेला दत्तात्रेय हा एकच मुलगा जगला. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत विष्णु दिगंबरांचे निधन झाले. वयाची एकोणसाठ वर्षे पूर्ण होऊन तीनच दिवस झाले होते. ज्या गावी त्यांच्या हाती तंबोरा आला, त्याच गावी त्यांनी देह ठेवला. तेव्हा दत्तात्रेय अवघा दहा वर्षांचा होता.

मागे काय उरले?

इमारत राहिली नव्हती, पैसा राहिला नव्हता. तरी विष्णु दिगंबरांचे कार्य संपले नाही, कारण त्यांनी आपले खरे धन माणसांत गुंतवले होते. त्यांच्या निधनानंतर त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. १९३२ मध्ये विनायकराव पटवर्धन यांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. नारायणराव व्यास आणि शंकरराव व्यास यांनी गायनात व संगीतदिग्दर्शनात नाव मिळवले. बी. आर. देवधर यांनी मुंबईत संगीतविद्यालय काढले. त्यांनी पाश्चात्त्य संगीताचाही अभ्यास केला होता. बालवयात त्यांच्याकडे आलेला एक विद्यार्थी पुढे कुमार गंधर्व म्हणून विख्यात झाला. अत्यंत हलाखीत वाढलेले ओंकारनाथ ठाकूर विष्णु दिगंबरांच्या विद्यालयात घडले. १९३३ मध्ये त्यांनी युरोपात भारतीय संगीत ऐकवले आणि पुढे काशी हिंदू विश्वविद्यालयात संगीतशिक्षणाची धुरा सांभाळली. पुत्र दत्तात्रेय हे वडिलांच्या शिष्यांकडे शिकून डी. व्ही. पलुस्कर या नावाने अत्यंत लोकप्रिय गायक झाले. दुर्दैवाने १९५५ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

कोणत्याही थोर कार्याला काही मर्यादा असतात. विष्णु दिगंबरांनी संगीताला भक्तीचा आणि सदाचाराचा आधार देऊन त्याची प्रतिष्ठा वाढवली. मात्र ज्या मुसलमान उस्तादांनी ही विद्या पिढ्यानपिढ्या जपली, आणि ज्या व्यावसायिक गायिकांनी समाजाची अवहेलना सोसून ती गायली, त्यांचा वाटा या नव्या व्यवस्थेत काहीसा मागे पडला, असे आजचे काही अभ्यासक दाखवून देतात. वर्गातील सामुदायिक शिक्षणातून मोठा गायक घडतो की त्यासाठी गुरूंचा एकांतातील सहवासच हवा, हा प्रश्नही आजवर चर्चिला जातो. या प्रश्नांचा विचार करतानाही एक गोष्ट मान्य करावी लागते. सामान्य घरातील मुलासाठी संगीताचे दार उघडणाऱ्यांत विष्णु दिगंबरांचे स्थान फार मोठे आहे.

छत्तीसगढमधील वाचकांना याचे प्रत्यंतर आपल्याच भूमीत मिळते. १९५६ मध्ये खैरागढ येथे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाची स्थापना झाली. खैरागढच्या राजा-राणींनी आपल्या दिवंगत कन्येच्या, इंदिरेच्या, स्मरणार्थ आपला राजवाडाच या विद्येसाठी दिला. आरंभीच्या काळात भातखंडे यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर हे या विश्वविद्यालयाचे कुलगुरू होते. ज्या राजवाड्यात एकेकाळी निमंत्रितांनीच गाणे ऐकले असते, तेथे आज शेतकऱ्यांची आणि कामगारांची मुले तंबोरा घेऊन बसतात. मिरजेच्या त्या समारंभात गुरूंना पंक्तीत जागा मिळाली नाही, तेव्हा एका तरुण शिष्याने मनाशी जे ठरवले, त्याचा हा दूरवरचा परिणाम म्हणता येईल.

पुढच्या वेळी आपल्या गावात, रायपुरात किंवा आणखी कोठे, एखादा संगीताचा कार्यक्रम असेल तर अवश्य जावे. गाणे ख्यालाचे असो, पंडवानीचे असो वा परदेशी जॅझचे, वेळेवर जाऊन शांतपणे ऐकावे. आपल्याला राग ओळखता येत नाही म्हणून संकोच करू नये. आपल्यासारख्यांना तेथे बसता यावे, यासाठीच एक माणूस राजाश्रय सोडून बाहेर पडला होता.

स्वाध्याय

१. विष्णु दिगंबरांचे शालेय शिक्षण कशामुळे सुटले? त्यातून त्यांना कोणता मार्ग सापडला?

२. मिरज सोडण्याच्या त्यांच्या निर्णयामागील कारण तुमच्या शब्दांत लिहा.

३. दरबारी मैफल आणि तिकीट लावून केलेला जाहीर कार्यक्रम यांतील फरक स्पष्ट करा.

४. विद्यालयाची इमारत लिलावात गेली, तरी विष्णु दिगंबरांचे कार्य अयशस्वी ठरले नाही. या विधानाशी तुम्ही सहमत आहात काय? सकारण लिहा.

५. तुम्ही प्रत्यक्ष ऐकलेल्या एखाद्या भजनाच्या, लोकगीताच्या किंवा संगीताच्या कार्यक्रमाचे दहा ओळींत वर्णन करा.